भुसावळचा मे आणि नवा एअरब्रश

“काका, इंजिनावर फुफाटा बसला का?” शेजारच्या पोरानं विचारलं. फुफाटा कुठला! मॉडेल रेल्वेच्या इंजिनावर नव्या एअरब्रशनं (हवेच्या दाबानं रंग फवारणारं पेन) मारलेला रंगच तसा खरखरीत दिसत होता.

०.३ मिमी नोझल, हवेचा दाब २० पीएसआय, दुधाइतका पातळ अ‍ॅक्रिलिक. माप चोख. पण ४४ अंशांत थेंब हवेतच सुकतो आणि एचओ (१:८७ मापाच्या) मॉडेलवर भुकटी होऊन बसतो. सुईच्या टोकावरही रंग धरतो, मग अचानक शिंतोडे उडतात. हे जास्त छळतं.

यावर माझा उपाय: रंगात रिटार्डरचे (रंग सावकाश सुकवणारं द्रव) दोन-तीन थेंब, दाब १५ वर, अंतर ५-७ सेंमी. मधूनमधून क्लीनरच्या ओल्या ब्रशनं टोक पुसायचं. आणि काम सकाळी लवकर.

बाटलीवरच्या सूचना आपल्या पत्र्याच्या खोलीसाठी लिहिलेल्या नसतात हो. कूलरच्या दमट हवेत (झोत बाजूला ठेवून) कोणी मारून पाहिलंय का?