वाचकाच्या हातात पेन देणारा पेपर

ओसाकात राहत असले तरी माझा दिवस सोलापूरच्या बातम्यांनीच उजाडतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबा पेपरातल्या कात्रणांचे फोटो टाकतात. उजनी किती टक्के भरलं, कुठला रस्ता खोदलाय, ओळखीचं कोण गेलं. परवा त्याच ग्रुपवर भाच्यानं विचारलं, "आजोबा, सगळं मोबाईलवर दिसतंय, मग पेपर कशाला घेता?" बाबा काही बोलले नाहीत. मला मात्र बोलावंसं वाटतंय.

छापील पेपरचा खप जपानमध्येही वर्षानुवर्षं घसरतोय. तरी योमिउरी आणि असाही यांचे अंक आजही लाखोंनी निघतात आणि पहाटे दारात पडतात. वाचक टिकावा म्हणून इथल्या पेपरांनी खूप काही करून पाहिलं. त्यातलं मला सगळ्यात पटलेलं अगदी साधं आहे: त्यांनी वाचकाच्या हाताला काम दिलं.

असाहीच्या पहिल्या पानावर तळाशी 'तेनसेइ जिंगो' नावाचं सदर येतं. १९०४ साली सुरू झालेलं, सहाशेच्या आसपास अक्षरांचं. परिच्छेद वेगळे पाडत नाहीत, मध्ये छोटे काळे त्रिकोण टाकतात. हे सदर हातानं उतरवून काढायची इथे अनेकांना सवय आहे, आणि २०११ मध्ये पेपरनं त्यासाठी खास वहीच काढली. कात्रण चिकटवायला जागा आणि एकेक अक्षर लिहायला चौकटी. माझ्या शेजारच्या आजी न्याहारी उरकली की ही वही उघडतात. कात्रीनं सदर कापतात, डिंक लावतात, बोटानं कडा दाबतात आणि पेन्सिलीनं लिहायला बसतात. अडलेलं अक्षर शब्दकोशात बघून समासात पुन्हा दोनदा गिरवतात. त्या वेळात फोन वाजला तरी उचलत नाहीत. एवढ्या बारकाईनं वाचलेला मजकूर विसरेल कसा?

दुसरी गोष्ट वाचकांच्या कवितांची. असाहीत दर आठवड्याला तान्का (पाच ओळींची छोटी जपानी कविता) आणि हायकू यांचं पान असतं. लोक पोस्टकार्डावर कविता पाठवतात, नामवंत कवी निवड करतात. एकच कविता एकाहून जास्त परीक्षकांनी निवडली तर तिच्यापुढे चांदणी छापतात. २००८ च्या डिसेंबरात या पानावर एक कविता आली, तिच्यात कवीच्या पत्त्याच्या जागी 'बेघर' एवढंच होतं. मग त्याच्या कविता येत राहिल्या आणि निवडल्या जात राहिल्या. वाचक त्याला उद्देशून कविता पाठवू लागले. मानधन पोचवायचं म्हणून पेपरनं त्याला संपर्क करायचं आवाहन केलं, पण तो पुढे आला नाही आणि काही महिन्यांनी त्याच्या कविता थांबल्या. एका पोस्टकार्डाच्या भरवशावर देशभरातले अनोळखी लोक एका माणसाची चौकशी करत होते! लाईक आणि कमेंटच्या गर्दीत हे झालं असतं असं मला वाटत नाही. आठवडाभर वाट बघण्यात जी माया तयार होते तिला छापील पानच लागतं.

याच्या उलट, काही प्रयोग डोळे दिपवणारे होते. २०१० मध्ये आपल्याकडे फोक्सवॅगनची बोलणारी जाहिरात आली होती, पान उलटलं की चिकटवलेलं यंत्र बोलायला लागायचं. २०१६ मध्ये इथल्या माइनिचीनं बिया घातलेल्या कागदावर अंक काढला. वाचून झाला की मातीत लावायचा. कल्पना सुंदर, पण रोज कोण लावणार? यापेक्षा श्रीलंकेच्या 'मवबिम'चा प्रयोग मला जास्त भावला. २०१४ मध्ये त्यांनी शाईत सिट्रोनेला मिसळून डास पळवणारा अंक छापला, कारण देशात डेंग्यूची साथ होती. वाचकाच्या घरातली अडचण बघून सुचलेली युक्ती आणि जाहिरातदारासाठी केलेली करामत यांत फरक आहेच.

मग सोलापुरात काय करता येईल? आपल्याकडे मालमसाला भरपूर आहे. पूर्व भागातल्या घरात तेलुगू, पुढच्या गल्लीत कन्नड, त्यापलीकडे उर्दू, आणि चौकात आलं की सगळे मराठी. त्या मराठीला प्रत्येक घराची वेगळी चव आहे. हे पेपरात कुठे दिसतं? आठवड्यातून एक पान 'पोस्टकार्डाचं' ठेवा. आजीचं ओवीवजा तेलुगू गाणं देवनागरीत, खाली नातवानं केलेला मराठी अर्थ. पेपर येणाऱ्या घरात दोन पिढ्या एका कागदावर वाकून बसतील.

गिरण्यांचंही तसंच. १८७७ सालची जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू यांच्या भोंग्यावर ज्यांचे दिवस ठरले ती माणसं आता थकत चालली आहेत. त्यांच्याकडे हजेरीची कार्डं आहेत, खात्यातले ग्रुप फोटो आहेत. पेपरनं दर रविवारी असा एक फोटो छापावा आणि विचारावं: यातलं कोण ओळखता? पुढच्या रविवारी तोच फोटो, नावं भरून. शहराच्या या आठवणी गोळा करायला वार्ताहर पुरणार नाहीत, वाचकच लागतील. आणि हे शहर वाचणाऱ्यांचंच नाही, पेपर काढणाऱ्यांचंही आहे. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत होते. त्यांच्या गावात पहिलं पान उलटावं तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फोटो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक सूचना तर येत्या जानेवारीतच करण्याजोगी आहे. इथे जपानमध्ये स्टेशनांवर मुलं वही घेऊन फिरतात आणि प्रत्येक ठिकाणचा शिक्का उमटवतात. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेआधी पेपरनं मधली दोन पानं जोडून ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या, शहरभर विखुरलेल्या अडुसष्ट लिंगांचा नकाशा छापावा. प्रत्येक लिंगापुढे एक रिकामा गोल. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, या लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात तो मार्ग ठळक रेषेनं. मुलांनी घरच्यांचं बोट धरून जमेल तेवढी लिंगं बघावीत आणि गोलात आपल्या हातानं काहीतरी भरावं: तिथल्या झाडाचं चित्र, पुजाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट, गल्लीचं नाव. भरलेले नकाशे पेपरनं मागवावेत आणि संक्रांतीनंतरच्या पुरवणीत छापावेत. कुठल्या संपादकांना हे करायचं असेल तर नकाशाचं कच्चं रेखाटन मी इथून करून देईन. भाच्याला लिंगं शोधायला पाठवायचं काम बाबांकडे.