बाईंनी हातात दिलेली कवटी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतलं काचेचं कपाट उभं राहिलं. त्यात एक सांगाडा टांगलेला असे आणि खालच्या फळीवर सुती कापडात गुंडाळलेली एक कवटी. सांगाडा प्लास्टिकचा होता. कवटी खरी होती.

नववीत विज्ञानाच्या बाईंनी ती बाहेर काढली तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाई रागावल्या नाहीत. "हे कुणाचं तरी डोकं आहे, दोन्ही हातांनी घ्या," एवढंच म्हणाल्या. वर्ग गप्प झाला. कवटी हातोहात फिरत माझ्यापर्यंत आली आणि खालचा जबडा सुटून माझ्या मांडीवर पडला. माझ्या हातून मोडली म्हणून मला रडूच कोसळलं. बाईंनी जबडा उचलून बाजूला ठेवला आणि माझंच बोट माझ्या कानासमोर टेकवलं. "तोंड उघड. आता मीट. काय हलतंय?" बोटाखाली सांधा सरकत होता. कवटीच्या 22 हाडांपैकी हलणारं एवढं एकच. म्हणूनच ते वेगळं होतं, मोडलं नव्हतं.

त्याच तासाला बाईंनी गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याची गोष्ट सांगितली. प्राण्यांची शरीरं पाहून त्याने लिहिलं, की खालचा जबडा दोन हाडांचा असतो. शेकडो वर्षं तेच शिकवलं गेलं. पुढे व्हेसालियस या शरीररचनातज्ज्ञाने माणसांचे जबडे नीट पाहिले, तर मोठ्या माणसात हाड एकच! त्याचा ग्रंथ 1543 साली छापला गेला. (जन्मतः दोन भाग असतात खरे, पण पहिल्या वर्षातच ते हनुवटीपाशी जुळतात.) बाई म्हणाल्या, "पुस्तक नंतर वाचा, आधी बोटाने बघा." मग आम्ही कवटीवरच्या नागमोडी शिवणी चाचपल्या. तान्ह्या बाळाची टाळू लागते ती याच हाडांमधली फट, आणि पुढची टाळू साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरून येते, हेही तेव्हाच कळलं. घरी जाऊन धाकट्या भावाच्या डोक्यावर मी कितीतरी वेळ हात ठेवून बसले होते.

शरीरात 206 हाडं असतात, हे तर पाठ होतंच. पण त्यांतली 106 नुसत्या हातापायांच्या पंजांत आणि मनगट-घोट्यांत असतात, हे बाईंनी आमच्याकडून प्लास्टिकच्या सांगाड्यावर मोजून घेतलं. दोन तास गेले त्यात. माझ्या मते शाळेतले ते सर्वांत सार्थकी लागलेले दोन तास.

आज मी एक्स-रे काढते. हाडं आतमध्ये, ती दिसणार फोटो निघाल्यावर. तोवर सगळी भिस्त बोटांवर. कमरेवर हात ठेवला की खुब्याच्या हाडाची वरची कड लागते, त्याच पातळीवर कमरेचा चौथा मणका. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जो उंचवटा ठळक होतो, तो बहुधा मानेचा सातवा, म्हणजे शेवटचा मणका. या खुणा चुकल्या तर फोटो पुन्हा काढावा लागतो आणि रुग्णाला किरणांचा जादा डोस बसतो. म्हणून मी घाई करत नाही.

एकदा दीड वर्षाच्या मुलाच्या मनगटाचा फोटो पाहून त्याची आई घाबरली. "इथली हाडं कुठे गेली?" मनगटात आठ हाडं असतात, फोटोत जेमतेम दोन उमटली होती. बाकीची अजून कूर्चेची होती, आणि कूर्चा एक्स-रेत हाडासारखी दिसत नाही. मी सांगून पाहिलं, पण तिचा चेहरा निवळेना. मग तिचं बोट धरून तिच्याच तळहाताच्या मुळाशी, करंगळीच्या बाजूला टेकवलं. तिथे वाटाण्याएवढं एक हाड लागतं. मनगटातलं हे सर्वांत उशिरा, साधारण 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान फोटोत दिसू लागतं.

तिने ते दाबून पाहिलं. मग लेकाचं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि तीच जागा शोधू लागली.