स्काय म्हणजे आकाशी नव्हे

सी हॉक या भारतीय नौदलाच्या जुन्या लढाऊ जेटचं प्लास्टिक मॉडेल किट उघडलं की पहिली चूक बहुतेक वेळा पोटाच्या रंगात होते. सूचनापत्रात ‘स्काय’ असं लिहिलेलं असतं आणि लोक बिनधास्त फिकट निळा मारून मोकळे होतात. स्काय निळा नाहीच. पांढऱ्यात थोडा हिरवा, थोडा पिवळा, बदकाच्या अंड्यासारखा असा तो रंग. ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी या तक्त्यात त्याचा क्रमांक २१०. पाठीवरचा करडा म्हणजे एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, क्रमांक ६४०. भारतीय नौदलाची सी हॉक याच जोडीत होती. १९८३ पासून गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर आलेल्या सी हॅरियर या लढाऊ जेटच्या पाठीवरही सुरुवातीला हाच ६४० होता, पोट मात्र पांढरं. म्हणजे करड्याची एक बाटली दोन्ही मॉडेलांना पुरते.

आपल्याकडे गोव्यात बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय हाकेच्या अंतरावर. तिथे सी हॉक समोर उभं आहे, मग मोबाइलवर फोटो काढून रंग जुळवायला काय हरकत? हरकत आहे. उघड्यावर ठेवलेल्या विमानाला खारं वारं आणि ऊन खातं, रंग खडूसारखा भुरा होतो, मग देखभालीत वरून नवा हात बसतो. शिवाय सावलीतला करडा मोबाइलला निळा दिसतो, संध्याकाळच्या उन्हात तपकिरी. तिथून चाकांचे कप्पे, रिव्हेट, पंख दुमडायची बिजागरी यांचे फोटो जरूर आणा. रंग तक्त्यावरून घ्या.

मॉडेलच्या रंगांच्या कंपन्यांचे बाटलीवरचे क्रमांक असे: मिस्टर हॉबीचा एच३३३ म्हणजे ६४०, एच७४ म्हणजे स्काय. हम्ब्रोलमध्ये १२३ आणि ९०. तामियाचा एक्सएफ-२१ स्काय म्हणून विकला जातो, पण वापरण्याआधी तक्त्याशेजारी धरून बघा. एकाच नावाच्या तीन कंपन्यांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर तिन्ही वेगळ्या दिसतात. तामियाच्या एक्सएफ-५४ च्या नावात ‘डार्क सी ग्रे’ आहे, ‘एक्स्ट्रा’ नाही. त्या एका शब्दाने रंग चांगलाच उजळ होतो.

चाचणीसाठी प्लास्टिकचे चमचे उत्तम. चमच्याला मॉडेलला लावणार तोच प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) द्या, रंगाचे दोन पातळ हात द्या, अर्ध्या भागावर शेवटचं वार्निश मारा. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी दारात, थेट ऊन टाळून बघा. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेला करडा उजेडात हिरवट निघतो, कारण दोन रंगांची रंगद्रव्यं वेगळी असली तर ती एका प्रकाशात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसतात. मॅट वार्निशने गडद करडा एक पायरी उजळतो, ग्लॉसने तितकाच गडद होतो. म्हणून ओल्या रंगावरून निकाल देऊ नये.

छोट्या मॉडेलवर गडद रंग जड वाटतो, म्हणून १/७२ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या, मॉडेलवर तो थोडा उजळवायची पद्धत आहे. त्यासाठी पांढरा टाकू नका, करडा खडूसारखा मरतो. एच३३३ च्या दहा थेंबांत एच३३५, म्हणजे मीडियम सी ग्रेचे, दोन थेंब टाकून सुरुवात करा. स्काय मुळातच फिका आहे, त्याला हात लावायची गरज नाही.

क्रम: आधी पांढरा किंवा अगदी फिका प्रायमर (काळपट प्रायमरवर स्काय मळकट दिसतो), मग स्काय, मग मास्किंग (स्कायचा भाग टेपने झाकणं), मग करडा. सी हॉकवर स्काय धडाच्या बाजूंवर बराच वरपर्यंत चढतो आणि शेपटीचा उभा पंखही स्कायच असतो. सीमारेषा स्पष्ट हवी. टेप लावली की तिच्या कडेवर पुन्हा स्कायचाच पातळ फवारा मारा. झिरपायचा तो स्कायच झिरपतो आणि करड्याची रेघ स्वच्छ उमटते.

आता पावसाळा. जूनपासून चवथीपर्यंत इथल्या हवेत लॅकर (झटपट उडणाऱ्या थिनरचा रंग) मारणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि करड्यावर दुधाळ साय येते. स्कायवर ती लगेच कळतही नाही, नंतर डाग दिसतात. फवाऱ्याला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच, थिनर रिटार्डर असलेला, सावकाश उडणारा घ्या, दाब १५ पीएसआयच्या आसपास ठेवा. साय आलीच तर घासू नका. तोच थिनर नुसता, अगदी हलका फवारला की बहुधा ती विरते. त्यानेही नाही गेली तर कोरड्या दिवसाची वाट बघावी.

शेवटी गोलचिन्हं, म्हणजे विमानावरची केशरी-पांढरी-हिरवी राष्ट्रीय चिन्हं. त्यांचा केशरी डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) पातळ असतो, ६४० वर बसवला की विटकरी दिसतो. आधी त्याहून किंचित लहान पांढरी चकती चिकटवा, ती वाळली की वर गोलचिन्ह.