नऊ गोळ्या

ट्रेमध्ये गोळ्या ओतल्या आणि दोन-दोन करून मोजल्या. नऊ. परत मोजल्या, तरी नऊच. मावशींना दिल्या होत्या ३५, दिवस झाले २८. म्हणजे परत यायला हव्या होत्या सात.

डायरीत मात्र अठ्ठावीसही खुणा होत्या, एकाच निळ्या पेनाने, एकाच बैठकीत केल्यासारख्या. हे नातवाचं काम, ते ओळखायला फार हुशारी लागत नाही.

मी क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, म्हणजे नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये पेशंट, गोळ्या आणि नोंदी सांभाळणारी. मावशी सोलापूरकडच्या, स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरलेला. इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी घेऊन झाली. मग फुलवेस्ट्रंट, म्हणजे दर महिन्याला दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच मिलीची इंजेक्शनं. हे औषध पेशीतला इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच, म्हणजे इस्ट्रोजेन जिथे चिकटतं ती जागाच, निकामी करून मोडीत काढतं, पण ते टोचूनच द्यावं लागतं. तेच काम गोळीने व्हावं म्हणून बरीच वर्षं खटपट चालू आहे. त्यातली पहिली गोळी, एलासेस्ट्रंट, अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झाली. आमची त्याच जातीची, पण तिला अजून नाव नाही, नुसता नंबर. तसा टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या जुन्या औषधालाही एकेकाळी नंबरच होता: आयसीआय ४६४७४. मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमध्ये ४६ बायकांना ते दिलं, त्यातल्या १० जणींना गुण आला, आणि १९७१ मध्ये ते छापून आलं.

आमची ट्रायल पहिल्या टप्प्यातली. किती डोस सोसतो, तेवढंच आधी पाहायचं. संमतीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर मी हे समजावलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हंजी आमच्यावर बघायचं." मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मावशी, दोन गोळ्या जास्त आल्यात."

"काल एकादस हुती की."

"मग?"

"जेवल्यावर घ्यायची, असं तुमीच सांगितलं. जेवलेच न्हाई तर घेऊ कशी?"

"आणि दुसरी?"

"ती मागची एकादस."

मी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे वळले. मागची एकादशी नेमकी चौदाव्या दिवशी. पंधराव्या दिवशी आम्ही त्यांना दिवसभर बसवून, औषध रक्तात किती आहे ते पाहायला, रक्त घेतलं होतं: गोळीच्या आधी, मग अर्ध्या तासाने, पुढे एक, दोन, चार, सहा, आठ तासांनी. दर वेळी सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मा छोट्या नळ्यांत, उणे ७० च्या फ्रीजरमध्ये. गोळीआधीची पहिली नळी आदल्या दिवसाच्या डोसनंतर २४ तासांची समजून मी पाठवली होती. ती होती ४८ तासांची. आणि आजची सकाळचीही तशीच.

चूक त्यांची नव्हती. उलट्या होऊ नयेत म्हणून गोळी जेवणानंतर, हे मी तीनदा बजावलं. उपास करता का, हे एकदाही विचारलं नाही. मी स्वतः चतुर्थी करते!

"फराळ करता ना? भगर, खिचडी? त्यानंतर घ्यायची की."

"फराळ म्हंजी जेवण न्हवं, ताई."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी औषध कंपनीच्या मेडिकल मॉनिटरला, म्हणजे ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या त्यांच्या डॉक्टरांना, फोन लावला. ते तेलुगू गृहस्थ. एकादशी त्यांना ठाऊक, साबुदाण्याची खिचडी नाही. तुपात करता की तेलात, विचारू लागले. शेवटी मी वाटीचं माप, शेंगदाण्याचं कूट, तूप असं सगळं ईमेलमध्ये लिहून पाठवलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत कंपनीला पाठवलेली ही माझी एकमेव पाककृती. उत्तर आलं: चालेल, अन्नच धरा.

२८ पैकी २६ डोस झाले होते, त्यामुळे त्या ट्रायलमध्ये राहिल्या. या डोसच्या तिघींतल्या त्या तिसऱ्या. त्या बाद झाल्या असत्या तर नवी पेशंट शोधावी लागली असती आणि पुढच्या डोसचा निर्णय लांबला असता. डायरीतल्या दोन खुणांवर मी खाडाखोड न करता एकच आडवी रेघ मारली, शेजारी सही, तारीख, कारण. कारणाच्या जागी 'एकादशी'. प्रोटोकॉल डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याचा, फॉर्म वेगळा भरला. 'जेवणानंतर किंवा फराळानंतर' असा छापील बदल करायला एथिक्स कमिटीची मंजुरी लागणार होती. तोवर तोंडी सांगितलं.

पुढच्या महिन्यात बाटलीत सात निघाल्या. खुणा या वेळी वाकड्यातिकड्या, काही पेन्सिलीने. दोन तारखांपुढे मावशींनी स्वतःच्या हाताने, काना-मात्रा नको म्हणून की काय, एवढंच लिहिलं होतं: भगर.