बादली भरायला किती वेळ लागतो?

"काका, टाकी-बिकी नको. अमेरिकेत आमच्याकडे भिंतीवर एवढासा टँकलेस गिझर होता, अख्ख्या घराला पुरायचा. तसाच बसवा."

कोथरूडमधली जुनी सोसायटी, गच्चीखालचा फ्लॅट, जानेवारीतली सकाळ. मला गिझर बसवायला बोलावलेलं. घरातला मुलगा नुकताच कायमचा परत आलेला. त्याला मी मेन एमसीबी, म्हणजे जास्त करंट ओढला की पडणारा घराचा मुख्य स्विच, दाखवला: ४० अँपिअर. तिकडचं विजेवरचं यंत्र सहज १८ किलोवॅटचं असतं. आपल्या २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर त्याला ७८ अँपिअर लागतील. म्हणजे आधी थ्री फेज घ्या, मग गिझरचं बोला.

"मग आपला इन्स्टंट?" तो तीन लिटरचा, तीन किलोवॅटचा. त्यांच्या स्वयंपाकघरात एक होताच, त्याच्याखाली बादली ठेवली. नळाचं पाणी १८ अंश, अंघोळीला हवं ४०. तेवढं तापून यावं म्हणून धार बारीक करत गेलो, ती मिनिटाला जेमतेम दोन लिटरवर आली. १६ लिटरची बादली भरायला आठ मिनिटं! शॉवरला मिनिटाला सात-आठ लिटर लागतात. आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या वेळात माझी अंघोळ होऊन देवपूजाही उरकते." ग्राहकाला कागदावर आकडे मांडून दाखवण्यापेक्षा हे बरं पडतं.

गॅस गिझरचाही विषय निघाला. ताकद त्यात आहे, मिनिटाला सहा लिटर आरामात देतो. पण बंद बाथरूममध्ये मी तो लावत नाही, कोणी कितीही आग्रह करो. हवा खेळती नसली की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास, आतल्या माणसाला कळायच्या आत तो कोसळतो. ड्राय बाल्कनीत लावता आला असता, पण गच्चीची टाकी डोक्यावरच असल्यानं पाण्याला प्रेशर नाही, आणि प्रेशर नसेल तर तो पेटतच नाही.

खरं तर मुलाचा राग जुन्या गिझरच्या टाकीवर होता, पाणी तापत नाही म्हणून. ती खोलली. पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर बोटभर क्षार, टाकीला गंजापासून वाचवणाऱ्या मॅग्नेशियमच्या रॉडची नुसती तार उरलेली. सोसायटी उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळते, ते जड, क्षारांचं. दर वर्षी साफ केली असती तर ही टाकी बिचारी अजून चालली असती.

शेवटी शॉवरच्या बाथरूममध्ये २५ लिटरचा, दोन किलोवॅटचा स्टोरेज, म्हणजे टाकीवालाच गिझर बसवला. ६० अंशांवर तापलेलं २५ लिटर पाणी गार पाण्यात मिसळून अंघोळीला ४८ लिटरपर्यंत पुरतं. तापायला पाऊण तास धरायचा. इन्स्टंट भांड्यांसाठी राहू दिला.

"पण पाऊण तास आधी उठून बटण लावणार कोण?" आजींनी विचारलं. मुलानं माझ्याकडे बघितलं. मी टायमरची किंमत सांगितली.