प्रोटॉनच्या स्पिनमध्ये ग्लुऑन आले कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून. (स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत कोनीय संवेग, आणि ग्लुऑन म्हणजे क्वार्कांना बांधून ठेवणारे कण.) प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: 'प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क, प्रत्येकाचा स्पिन अर्धा. दोन सुलटे, एक उलटा, बेरीज अर्धा. हिशेब जुळला, मग ग्लुऑन हवेत कशाला?'

हिशेब 1988 मध्ये फिसकटला. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या ईएमसी प्रयोगात क्वार्कांच्या स्पिनचा वाटा जवळजवळ शून्य निघाला. पुढे तो 30 टक्क्यांच्या आसपास स्थिरावला, म्हणजे 0.5 पैकी 0.15. उरलेलं ग्लुऑनांच्या स्पिनने आणि सगळ्यांच्या कक्षीय गतीने भरून निघायला हवं. (ग्लुऑनला वस्तुमान नाही म्हणून स्पिनही नसेल, असं समजू नका. फोटॉनलाही वस्तुमान नाही, पण स्पिन 1 आहे.)

ग्लुऑनला विद्युतभार नसल्यामुळे इलेक्ट्रॉन त्याला थेट शिवत नाही. म्हणून अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या 'रिक' यंत्रात प्रोटॉनवर प्रोटॉनच आपटले. स्पिन गतीच्या दिशेने की उलट, याला हेलिसिटी म्हणतात. दोघांची हेलिसिटी सारखी असताना किती जेट (टकरीतून उडणारे कणांचे फवारे) सुटले आणि वेगळी असताना किती, एवढंच मोजायचं. ऐकायला सोपं आहे.

पण 100 जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेच्या प्रोटॉनचा स्पिन 3.8 किलोमीटरच्या एका फेरीत सुमारे 191 वेळा गरगरतो. चुंबकांचे बारीक धक्के त्या तालात बसले की ध्रुवीकरण, म्हणजे स्पिन एकाच दिशेला असण्याचं प्रमाण, ढासळतं. उपाय म्हणजे 'सायबेरियन साप': पीळ दिलेल्या क्षेत्राचे चुंबक. ते स्पिन 180 अंशांनी उलटवतात, म्हणजे साठत जाणारे धक्के एकमेकांना खोडतात. इतकं करूनही ध्रुवीकरण 55 टक्क्यांच्या आसपासच. दोन्ही झोतांचं गुणून 0.3 उरतं. म्हणजे खरा फरक अर्धा टक्का असेल, तर यंत्राला दिसतो 0.15 टक्के: लाख जेटमागे दीडशेचा. दोन मांडण्यांमध्ये टकरी किती झाल्या याच्या मोजणीत हजारात एकाची चूक झाली, की त्यातले पन्नास खोटे. म्हणूनच स्पिनची दिशा प्रोटॉनांच्या गुच्छागणिक, दर 106 नॅनोसेकंदांनी, बदलत ठेवत.

2009 च्या टकरींनंतरच्या विश्लेषणात ग्लुऑनांच्या स्पिनच्या वाट्याचं उत्तर आलं: 0.5 पैकी सुमारे 0.2. क्वार्कांपेक्षा जास्तच! मात्र हा आकडा फक्त प्रोटॉनच्या संवेगाचा 5 टक्क्यांहून मोठा हिस्सा वाहणाऱ्या ग्लुऑनांचा आहे, हे सांगायचं बरेच जण विसरतात.

चिन्हाचीही (ग्लुऑनांचा स्पिन प्रोटॉनच्या दिशेने की उलट, म्हणजे अधिक की उणे) गोची आहे. दोन ग्लुऑन आपटले, की त्यांच्या ध्रुवीकरणाचा वर्ग येतो आणि वर्गात उणे लपतं. क्वार्क-ग्लुऑन टकरीत ते एकदाच येतं, पण अशा टकरी वेगळ्या काढायच्या तर थेट निघालेला फोटॉन पकडावा लागतो आणि तो दुर्मीळ. रिकवरच्या फेनिक्स गटाने 510 जीईव्हीच्या टकरींत तो मोजला, तेव्हा ऋण उत्तराची शक्यता बरीच मावळली.

5 टक्क्यांखालच्या ग्लुऑनांची गर्दी प्रचंड आहे. तिथलं मोजमाप त्याच बोगद्यात होऊ घातलेल्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरकडे. इलेक्ट्रॉन तिथेही ग्लुऑनला शिवणार नाही. क्वार्कांचं ध्रुवीकरण ऊर्जेनुसार कसं सरकतं, त्यावरून ग्लुऑनांचं काढायचं.