गरम होतो, एवढंच

अ‍ॅम्प्लिफायर विकायला काढला आणि जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत अडकलो. 'उत्तम स्थितीत' इथवर सोपं होतं. पुढे काय लिहायचं? स्पीकर असता तर आवाजाचं कौतुक करता आलं असतं. पण चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरला जाणकार मंडळी 'आवाज मोठा करणारी सरळ तार' म्हणतात. एका बाजूने शिरलं ते दुसऱ्या बाजूने तसंच बाहेर, फक्त मोठं होऊन. स्वतःची भर शून्य. अशा स्वभावाच्या माणसाचं स्थळ सुचवतानाही जीभ अडखळते, हे तर २९ किलोचं यंत्र.

गोव्याच्या सासष्टीतला एक तारवटी बोटीवरची नोकरी संपवून गावी परतला, त्याने जपानहून आणलेलं हे धूड मी घेतलं. "पात्रांव, वाग हो!" असं म्हणून त्याने सोपवलं. वाघ १०० व्होल्टवर जगणारा. आपल्या २३० वर थेट लावला असता तर धूरच. म्हणून सोबत एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरही आला. बिल नव्हतं. मूळ खोकं होतं, पण ते चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान ठेवायला माळ्यावर गेलं आणि तिथे वाळवीने खाल्लं. खोकं असलं की भाव वाढतो, हे मला फार उशिरा कळलं.

जाहिरातीत मी एक गोष्ट मुद्दाम लिहिली नाही. हा तापतो. जातच क्लास ए. या जातीत ट्रान्झिस्टर पुरते मिटतच नाहीत. गाणं असो वा नसो, वीज त्यांच्यातून वाहत राहते. मिटताना-उघडताना सुरात येणारी बारीक खोट त्यामुळे टळते आणि तिची किंमत उष्णतेत मोजावी लागते. वाजताना जेमतेम ३० वॉट देणारा हा गृहस्थ गप्प बसलेला असतानाही २०० च्या आसपास वॉट खातो. वीजबिल आलं की घरात एकदा त्याच्याकडे पाहिलं जायचं आणि मग माझ्याकडे.

पण फोंड्याचा पाऊस ज्याने काढलाय त्याला ही उष्णता दोष वाटणार नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं, बहुतेक सगळं चार महिन्यांत. चामड्याच्या पट्ट्याला हिरवी लव येते, मिठाला पाझर फुटतो, आगपेटीची काडी घासावी तर गूळ घासल्यासारखी मऊ. त्या दिवसांत आमच्या बायकोने अ‍ॅम्प्लिफायरचा शोध लावला. आधी आगपेट्या आल्या, मग पापड, मग मिठाची बरणी, शेवटी नातवाचे मोजे. हवा जायची भोकं झाकू नयेत एवढीच मी अट घातली. केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या, केरीच्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीबाहेर गेली. आमच्याकडे त्यांचा सूर आगपेट्यांखालून यायचा.

मग विकायचा कशाला? कान. डॉक्टरांनी काढलेल्या आलेखात ४००० हर्ट्झनंतर माझी रेघ घाटासारखी खाली उतरते. यंत्र २०,००० च्याही पलीकडे ताठ. ते वरचं सगळं आता मांजर ऐकत असणार.

मडगावहून एक इंजिनियर पोरगा आला. मला वाटलं, आल्या आल्या गाणं लाव म्हणेल. त्याने अर्धा तास यंत्र तापू दिलं, काहीही न वाजवता. तोवर चहा झाला. मग स्पीकरच्या जाळीला कान लावून बसला. घरघर आहे का, गुणगुण आहे का! एवढं महागडं यंत्र घ्यायला आलेला माणूस शांतता ऐकत होता. खिशातून मल्टिमीटर काढून स्पीकरच्या टर्मिनलना टेकवला, आकडा काही मिलिव्होल्टचाच, म्हणजे गळती नगण्य, निघाला तेव्हा पहिल्यांदा हसला. व्हॉल्यूमचं बटण फिरवून खरखर शोधली, ती थोडी सापडली. आतले, वयाने थकणारे कपॅसिटर कधी बदललेत, विचारलं. बदलले नव्हते, तसं सांगितलं. शेवटी तळवा झाकणावर ठेवून म्हणाला, "काका, हा नेहमी एवढा गरम होतो?"

मी क्लास एवर बोलायला तोंड उघडलं तोच आतून आवाज आला, "होतो, पण पावसात फार उपयोगी."

त्याला बहुधा थट्टा वाटली. मग त्याने वरचं भरतकामाचं फडकं उचललं, जे मी सकाळीच घालून ठेवलं होतं. खाली झाकणावर बरणीच्या बुडाएवढं गोल कडं होतं, रंग उडालेलं, कडेने तांबूस. इतक्या पावसाळ्यांचं मीठ.

"जाहिरातीत बाहेरून निर्दोष लिहिलंय, काका."

तीन हजार कमी केले. दोघांनी मिळून तो गाडीत ठेवला, ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन त्याचा मित्र बसला. मी आत आलो तर बायको बरणी हातात घेऊन फ्रिजच्या माथ्यावर हात फिरवून बघत होती.

"हा काहीच तापत नाही हो," ती म्हणाली.